मानेवरची बट

केसांच्या इस्त्रीवरचा तांदळाच्या दाण्याएवढा तो लाल दिवा अजून मिचमिचत होता, म्हणजे पट्ट्या पुरत्या तापल्या नव्हत्या, आणि तिला वाटलं, या घरात सगळ्यात सरळ वागणारं कुणी असेल तर हा दिवा. तयार नसेल तर नाही म्हणून सांगतो, उगाच हो-हो करत नाही. मग दिवा स्थिर झाला. तिने लेकीच्या डोक्यावरचा टॉवेल ओढून काढला आणि केस बाहेर आले. ओले होते, पाण्याच्या भाराने खाली ओढले गेले होते, तरी टोकाशी वर वळायची त्यांची खोड गेली नव्हती. अठरा वर्षांत गेली नव्हती, एका टॉवेलने काय जाणार.

"आज राहू देत का तसेच?" लेक म्हणाली. आरशात न बघता, मोबाइलमध्ये बघत, किती वाजले असं विचारावं तशा आवाजात.

"आज तरी नीट जा."

आज तरी. हे दोन शब्द तोंडातून निसटल्यावर तिला ते थोडे जड लागले, जिन्यावरून पिशवी नेताना मध्येच तिचा बंद रुतावा तसे… पण शब्द परत घ्यायला वेळ लागतो आणि वेळ नव्हता. एरवी केस आदल्या संध्याकाळी धुतले जायचे, सकाळपर्यंत आपले आपण वाळायचे, मग इस्त्री. हा क्रम कुणी ठरवला नव्हता, पडत गेला होता, जशा घरातल्या खुर्च्या कुणाच्या कुठल्या ते न ठरवता ठरतं. आज मात्र लेकीला उजाडायच्या आत जाग आली, पुन्हा झोप येईना म्हणून ती अंघोळीला गेली आणि अंघोळीला गेली म्हणून केस धुऊन बसली. ड्रायर घरात नव्हता. ड्रायर म्हणजे गरम वारा, आणि गरम वारा विकत कोण घेतं, हे तिचं जुनं मत.

"आई, ओले आहेत गं अजून."

"ओलसरच हवेत. वाळलेल्या कापडावर इस्त्री बसते का कधी? पाणी शिंपडावं लागतं."

"मी चादर नाहीये."

"चादर बरी. मान हलवत नाही."

लेक हसली. हसताना तिची मान हललीच. आणि तिला, आईला, त्या हसण्याने बरं वाटलं आणि लगेच बरं वाटेनासं झालं, कारण हे हसणं आज चार वाजता दुसरं कुणीतरी बघणार होतं.

चार वाजता लेक तिच्या बापाला भेटणार होती. बसस्थानकासमोरच्या कॅफेत, अकरा वर्षांनी. सात वर्षांची असताना तिने त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा तो दारात बसून बूट घालत होता, आणि बूट घालून गेलेला माणूस परत येतो अशी त्या वयात समजूत असते. नंतर वाढदिवसाला फोन यायचे, मग मेसेज, मग नुसतंच केकचं चित्र. गेल्या महिन्यात त्याने लिहिलं, कामासाठी येतोय, भेटशील का? दोन दिवसांनी लेकीने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, "जाऊ?" आणि आई कांदा चिरता चिरता, मोठ्या मनाने, "जा की, मला काय," असं म्हणाली होती. इतक्या मोठ्या मनाने, की कांदा संपल्यावरही ती चिरत होती. नुसती फळी.

पुढचे केस निमूट बसले. पट्टीतून वाफ येत होती, फुसफुस आवाज येत होता आणि तो आवाज तिच्या ओळखीचा होता, म्हणजे आवडीचाच. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात, लाँड्रीत, ती सुपरवायझर. तिथे पिळून काढलेल्या ओलसर चादरी तापलेल्या रोलरखालून जातात तेव्हा अस्साच आवाज येतो. रोलर गातोय, म्हणतात तिथली माणसं. गायला लागला म्हणजे कापडात पुरेसं पाणी आहे, सुरकुती राहणार नाही, सगळं ठीक चाललंय. दहा वर्षं हा आवाज ऐकून ऐकून तिच्या खांद्यांना सवय झालेली. तो आला की खांदे सैल पडतात.

मग मान.

मानेवरची, अगदी मधली, केसांच्या मुळाशी दडलेली ती बट नेहमीच हट्टी. बाकीचे केस कुरळे, ही मात्र चक्क गुंडाळी. तिने ती बोटाने ओढून पट्टीत धरली, टोकापर्यंत फिरवली, बट सरळ झाली. पट्टी सोडली तर वरच्या अंगाला पुन्हा वळली, जसं काही आपल्याला कुणी काही सांगितलंच नाही. तिने पुन्हा धरली. वरून, मानेपासून दोन बोटं सोडून. आणि दाबली.

आवाज आला. हा फुसफुस नव्हता. हा चर्र होता, तीक्ष्ण, लहान, तापल्या तव्यावर ओला हात झटकल्यासारखा… आणि नेमकं इथे — दिवसभर ती याच जागी परत परत येणार होती, जीभ पडलेल्या दाताच्या खळग्यात जाते तशी — नेमकं इथे ती दाबून राहिली. फार नाही. श्वास घेऊन सोडायला लागतो तेवढंच.

मग वास. मग हाताला काहीतरी एकदम हलकं लागलं. पट्टी उघडली तेव्हा बट पट्टीत होती आणि मानेवर नव्हती.

"कसला वास गं?"

"पट्टीला जुनं तेल असतं. जळतं ते."

इतकं सहज. वेळ असता तर तिला स्वतःचं कौतुकच वाटलं असतं. तिने मूठ मिटली, मूठ गाऊनच्या खिशात घातली, रिकामी बाहेर काढली आणि वरचे केस त्या जागेवरून खाली आणून असे काही बसवले की खालचं काही दिसू नये. लाँड्रीत याला घडी फिरवणं म्हणतात. डाग आत जातो, पाहुण्याला पांढरं दिसतं.

"मागून कसे दिसतायत?"

"छान. एकदम सरळ."

"फोटो काढ ना मागून. मला दिसू दे."

"माझी बस चुकेल," ती म्हणाली, आणि हे मात्र खरं होतं. खरं बोलायला मिळालं म्हणून तिला इतकं हायसं वाटलं की जाताना तिने लेकीच्या गालाला हात लावला. लेक दचकली. या घरात सकाळी कुणी कुणाच्या गालाला हात लावत नाही.

*

बसमध्ये खिडकी मिळाली. बट आता पर्समध्ये होती, रुमालात गुंडाळून. टाकून का दिली नाही? कचऱ्याचा डबा स्वयंपाकघरात होता, लेक स्वयंपाकघरात चहा घेत होती. हे एक कारण झालं. कारण सापडलं की माणूस पुढचं शोधत नाही. कुणाला परीक्षेत सगळे प्रश्न सोडवायचेत?

परीक्षेवरून तिला तिचा तो निबंध आठवला. एम.ए.ला मानसशास्त्र होतं तिचं. मानसशास्त्रावरून लाँड्रीत कसं येतात हे सांगायला एक बूट घातलेला माणूस पुरतो, ते असो. दुसऱ्या वर्षाला तिने माणसांच्या चुकांवर चोवीस पानी निबंध लिहिला होता. माणसाच्या हातून चुकून असं काही होत नाही. हात घसरतो तेव्हा हाताला कुठे जायचं होतं ते बघावं… असं बरंच काही, वळणदार अक्षरात, हेडिंगं अधोरेखित करून. वर्गात पहिली आली होती. सरांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवला होता. आता त्या निबंधाची फेरतपासणी मागता येईल का? म्हणावं, सर, तेवीस वर्षांचं पोर होतं ते, काहीबाही लिहितं, गुण कमी करा. हात घसरतो. कधी कधी नुसताच घसरतो हो.

नुसताच?

कारण ती बट… ती काही कुठलीही बट नव्हती.

तो, लेकीचा बाप, तिला स्प्रिंग म्हणायचा. नाव त्या बटेवरूनच पडलेलं. संध्याकाळी घरी आला की आधी बूट काढायचा, मग लेकीला धरून उलटी फिरवायचा, मानेवरची ती बट चिमटीत धरून हळूच खाली ओढायचा आणि सोडायचा, आणि ती वर गेली की तोंडाने 'टुंग' म्हणायचा. लेक खिदळायची. पुन्हा. टुंग. पुन्हा. ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, मान दुखेल तिची!" लेकीची मान कधी दुखली नाही. तो गेल्यावर लेक काही दिवस आरशाकडे पाठ करून उभी राहायची आणि हात मागे नेऊन स्वतःच ती बट ओढायची. तोंडाने काही म्हणायची नाही. मग शाळेत कुणीतरी तिला झाडू म्हणालं, घरात ही केसांची इस्त्री आली, लेकीच्याच हट्टाने आली… लेकीच्याच ना? हो. म्हणजे लेक एकदा म्हणाली होती की केस सरळ असते तर बरं झालं असतं. माणसं काय काय म्हणतात. आपण उंच असतो तर बरं झालं असतं असंही लेक म्हणाली होती, त्याचं पुढे काही झालं नाही. इस्त्री मात्र दुसऱ्या दिवशी आली.

तिच्या माहेरी सगळ्यांचे केस सरळ. त्याच्याकडे सगळे कुरळे. म्हणजे गेली पाच वर्षं रोज सकाळी ती लेकीच्या डोक्यावरून काय पुसत होती… हे वाक्य तिने पुरं केलं नाही. बस थांबली होती, माणसं चढत होती, कुणीतरी तिच्या पायावर पाय दिला आणि तिने त्या माणसाकडे जवळजवळ कृतज्ञतेने पाहिलं.

आणि ते खोकं. इस्त्रीच्या खोक्यावर एक चित्र होतं, पाण्याचा थेंब आणि त्यावर फुली. तिने ते पाहिलं होतं. तेव्हा तिने त्याचा अर्थ लावला होता की हे यंत्र बादलीत बुडवू नये. केसांची इस्त्री कोण बादलीत बुडवतं?

*

तळघरात उतरलं की हवा बदलते. गरम, दमट, साबणाची. वर लॉबीत फुलं, संगीत, मंद दिवे. खाली त्या सगळ्याचं पाठीमागचं तोंड. गाड्यांमधून चादरी येतात, अभ्रे येतात, टॉवेल येतात, माणसं काय काय पुसतात याचा एक सबंध इतिहास येतो आणि संध्याकाळपर्यंत पांढरा होऊन वर जातो. सुपरवायझर म्हणून तिचं काम इतकंच, की इतिहास वर जाताना त्यावर काही दिसता कामा नये.

रोलरवर मामा होते. मामा कुणाचेच मामा नाहीत आणि सगळ्यांचे आहेत. वय झालेलं, डोक्यावर एक केस नाही, कान मोठे. रोलरच्या या टोकाला दोन बाया चादरीचे कोपरे धरून ती आत सोडतात, त्या टोकाला दोघी धरून घडी घालतात, आणि मामा मध्ये उभे राहून सगळ्यांना सल्ला देतात.

"ताई, आज रोलर रुसलाय," मामा म्हणाले. "गात नाही."

"का?"

"चादरी जास्त वाळवल्या रात्रपाळीनं. आता या सुरकुत्या बघा. माझं कपाळ परवडलं."

"शिंपडा की पाणी."

"शिंपडतोय. पण वरून शिंपडलेलं आणि आतलं, फरक असतो ना. आतलं पाणी पाहिजे. आतल्या पाण्यानं काम होतं."

आतलं पाणी. ती चादरीच्या कडेवरून हात फिरवत राहिली. चादरीला आतलं पाणी लागतं हे दहा वर्षांचं ज्ञान आहे. ते चुकीचं नाही. तिने सकाळी जे केलं ते या ज्ञानावरूनच केलं, म्हणजे एका अर्थी ते व्यावसायिक होतं. कुणी विचारलं तर असं सांगता येईल. पण कोण विचारणार? ज्याने विचारायचं त्याला तर माहीतच नाही, आणि जी विचारू शकते तिला मागचं दिसत नाही.

"मामा, हा रोलर गातो तेव्हा… कधी कधी आवाज वेगळा येतो का?"

"येतो ना. चर्र आला की समजायचं, कापड सोडायला सांगतंय."

"मग तुम्ही काय करता?"

"सोडतो," मामा म्हणाले, आणि काय विचारताय ताई असा चेहरा करून पुढच्या चादरीकडे वळले. त्या टोकाची घडीवाली बाई हसली. "मामांचं सोडा, त्यांनी डोक्यावरचं सगळंच सोडलंय," ती म्हणाली आणि मामा म्हणाले, "तू धर गं, तुझं सुटतंय," आणि खरंच तिच्या हातून कोपरा सुटला होता. सगळे हसले. तीही हसली. हसताना तिला कळलं की आपला हात एप्रनच्या खिशात आहे. रुमाल पर्समधून एप्रनच्या खिशात कधी आला ते तिला आठवेना.

*

दुपारी वरच्या ब्यूटी पार्लरमधली मुलगी टॉवेल न्यायला आली. ही मुलगी बोलते. टॉवेल मोजून घेता घेता हॉटेलात कोणाचं काय चाललंय ते सांगून जाते, आणि तिच्या स्वतःच्या केसांचा रंग दर महिन्याला वेगळा असतो, त्यामुळे ती आली की आधी सगळ्यांची एक नजर डोक्यावर. आज तांबडा.

"तुला एक विचारू?" आई त्या मुलीला म्हणाली. "माझ्या एका मैत्रिणीने…"

"हां."

"तिने केस ओले असतानाच इस्त्री फिरवली. ओले म्हणजे… ओलसर."

"आधी ड्रायर नाही मारला?"

"नाही."

"अगंबाई." मुलीने टॉवेलांचा गठ्ठा गाडीवर ठेवला. तिला मनापासून आनंद झाला होता. दुसऱ्याच्या केसांचं वाटोळं हा तिचा विषय. "मग आत पाणी उकळलं ना. केसांच्या आत. बाहेर यायला जागा नाही, मग ते फोडून येतं. मग केस जातो. किती गेले?"

"एक बट."

"बट सरळ गेली असेल हातात. पण ताई, कळत कसं नाही लोकांना? आवाज येतो की. चर्र करून येतो. केस सांगत असतो, सोड बाई. तुमची मैत्रीण बहिरी आहे का?"

"नाही."

"मग?"

मग. मुलगी तिच्याकडे बघत होती, तांबड्या केसांखालून, कुतूहलाने, मग तिनेच उत्तर देऊन टाकलं, "घाईत असेल. सगळ्या घाईतच असतात. आमच्याकडे पाठवा त्यांना, ट्रीटमेंट आहे, सहा वेळा घेतली की सातवी निम्म्यात," आणि गाडी ढकलत निघून गेली. घाईत असेल. किती चांगला शब्द आहे हा. मऊ, सगळ्यांना मापाचा. त्यात शिरायला तिला फार आवडलं असतं. घाईत होते मी. बस होती. केस ओले होते. पण घाईतला माणूस पट्टी लवकर सोडतो… मी धरून राहिले. ऐकलं आणि धरून राहिले. श्वास घेऊन सोडेपर्यंत. त्या श्वासात काय होतं? खांदे सैल पडले होते का माझे?

तिला आठवेना. सगळं आठवत होतं — दिवा, टॉवेल, वाफ, वास — खांदे तेवढे आठवत नव्हते.

*

फोन आला तेव्हा ती अभ्र्यांच्या गाडीआड उभी होती.

"आई, निघतेय मी."

"अगं, अजून वेळ आहे ना?"

"बसवत नाहीये घरात. आई, एक सांग. त्यांना अरे म्हणू की अहो?"

हा प्रश्न तिला इतका अनपेक्षित होता की तिला एकदम भडभडून आलं, आणि भडभडून आलं की ती नेहमी करते तसं तिने आवाज कोरडा केला. "लहानपणी अरे म्हणायचीस."

"ते तेव्हा. आता एकदम अरे बाबा म्हटलं तर लाडात आल्यासारखं नाही वाटणार? आणि अहो म्हटलं तर बँकेत आल्यासारखं."

"मग काहीच म्हणू नकोस. नुसतं बोल."

"नुसतं कसं बोलणार? क्रियापद तर लावावं लागेल ना!" लेक हसली. मागे कुठेतरी नळ गळत होता, घरातला, तिच्या ओळखीचा. "ते ओळखतील ना मला?"

आता. आता सांगायचं होतं. अगं, मागे एक बट… ऐक, सकाळी जरा जास्त तापली होती ती पट्टी… वाक्य तयार होतं, घडी घालून ठेवलेलं, नुसतं उचलून द्यायचं. लेक चिडली असती, रडली असती, टोपी घातली असती, केस बांधले असते, किंवा मागे हात लावून म्हणाली असती, जाऊ दे गं, दिसत नाहीये. काहीही झालं असतं तरी ते लेकीच्या हातात गेलं असतं. पण मग लेकीने विचारलं असतं, कुठली बट? आणि तिला सांगावं लागलं असतं, मानेवरची. आणि लेक गप्प झाली असती. त्या गप्प होण्यात काय असेल ते तिला ऐकायचं नव्हतं.

"न ओळखायला काय झालं," ती म्हणाली. "फोटो बघितलेत की त्याने."

"फोटोत केस सरळ आहेत."

"आत्ताही सरळच आहेत."

"हो," लेक म्हणाली. "तेच म्हणतेय मी." आणि थोडं थांबून, "बरं, ठेवते."

फोन बंद झाल्यावर ती तशीच उभी राहिली. तेच म्हणतेय मी. म्हणजे काय? ते ओळखतील ना मला… फोटोत केस सरळ आहेत… आज राहू देत का तसेच… अशी ही तीन वाक्यं दिवसभरात वेगवेगळ्या ठिकाणी पडली होती आणि आता अभ्र्यांच्या गाडीआड ती आपली आपण एका ओळीत येऊन उभी राहिली. लेकीला सरळ जायचं नव्हतं. तिला ओळखू यायचं होतं. तिने सांगितलं होतं, किती वाजले अशा आवाजात, कारण या घरात खरं काही मागायचं झालं तर त्याच आवाजात मागतात. आवाज कुणाकडून शिकली ते वेगळं सांगायला नको. आणि मी म्हणाले, आज तरी नीट जा.

तिने फोन लावला. लेकीने उचलला नाही. बसमध्ये असेल. पर्समध्ये असेल फोन. पुन्हा लावला आणि वाजायच्या आत कापला, कारण वाजला असता तर काय सांगणार होती? डोकं नळाखाली धर? बापाला भेटायला जाणाऱ्या मुलीला कुठली आई सांगते, वाटेत कुठे नळ दिसला तर डोकं भिजव म्हणून?

*

चार वाजून गेले तेव्हा रोलर गायला लागला होता. मामांनी चादरी पुन्हा भिजवून, पिळून घेतल्या होत्या आणि आता तो जुना, समाधानी, फुसफुसता आवाज सगळ्या तळघरात भरून राहिला होता. तिने खांद्यांकडे लक्ष दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच दिलं असेल. खांदे सैल पडले नाहीत.

मागच्या बाजूला डाग काढायचं बेसिन आहे. पांढरं, खोल, वर एक ट्यूबलाइट. तिथे कुणी नव्हतं. तिने खिशातून रुमाल काढला आणि उलगडला.

बट लहान होती. सकाळी मुठीत मोठी वाटली होती. मधोमध चपटी, सरळ, निर्जीव. ज्या टोकाला तुटली तिथे खरखरीत, पांढुरके ठिपके धरलेली, आणि अजून तो वास. दुसरं टोक मात्र धड होतं. धड आणि सरळ. बाजारात कुणाच्याही डोक्यावर खपून गेलं असतं.

आता तिकडे कॅफेत तो कदाचित उठला असेल खुर्चीवरून. किती बदललीस, म्हणाला असेल. सगळेच म्हणतात. मग काय करेल? माणूस जुन्या घरी जातो तेव्हा दिव्याचं बटण न बघता हात तिकडे नेतो. तो लेकीला जवळ घेईल, त्याचा हात आपला आपण मानेशी जाईल, सरळ केसांखाली, चिमूट करून… आणि तिथे काही नसेल. दोन बोटांचा खरखरीत खुंट असेल. तो काही म्हणणार नाही. तो तसा सभ्य माणूस आहे, हीच तर त्याची कटकट होती. त्याला वाटेल, गेली. वयाबरोबर गेली. असं होत असेल मुलींचं. लेकीला कळेल की तो काहीतरी शोधत होता. आणि दोघं कॉफी मागवतील.

नाहीतर तो हात नेणारच नाही. त्याला आठवणारच नाही. बट, स्प्रिंग, टुंग… सगळं तिलाच आठवत असेल, एकटीला, अकरा वर्षं. रोज सकाळी त्यावर इस्त्री फिरवत होती म्हणूनच आठवत राहिलं असेल. हे तिच्या मनात आधी आलंच नव्हतं. आणि आता आलं तर तिला वाटलं होतं तसं समाधान होईना. उलट ती मनातल्या मनात त्याला ओरडली, अरे, विसरतोस कसा? मागे बघ ना तिच्या!

तिने नळ सोडला. थोडासा. बट ओंजळीत धरून पाण्याखाली नेली, मग पाणी झटकून टाकलं आणि ती डाव्या तळहातावर ठेवून ट्यूबखाली धरली.

काही झालं नाही. ओले केस तळहाताला चिकटून होते, सरळ, एखाद्या चांगल्या मुलीसारखे. जळकं टोक जळकंच होतं. त्याचं काही होणार नव्हतं हे तिला दिसत होतं. तिने दुसऱ्या टोकावर नजर लावली. केस पाणी विसरत नाहीत, असं काही असतं का? की एकदा तापले की विसरतात? पार्लरमधल्या मुलीला विचारायला हवं होतं. मैत्रीण म्हणतेय, परत वळतात का गं?

पलीकडून मामांची हाक आली, "ताई, घडी बघता का?" आणि ती "आले" म्हणाली आणि गेली नाही.

खिशात फोन थरथरला. एकदा. मग थांबून पुन्हा. लेकीचा असेल. भेट इतक्यात संपली? की सुरूच झाली नाही? की मागे हात लागला तिचा? फोन उजव्या खिशात होता आणि उजवा हातही ओला होता. तो तिने एप्रनला पुसला नाही, तसाच हवेत धरून ठेवला, वाळायला. आता कुठलीही गोष्ट ओल्या हाताने धरायची तिची हिंमत नव्हती. थरथर थांबली. तिने तळहात डोळ्यांच्या अगदी जवळ आणला. टोकाशी, अगदी टोकाशी, एक केस बाकीच्यांपासून सुटून तळहातावरून किंचित उचलला गेला होता. की तिच्याच श्वासाने? तिने श्वास धरला.

वळ, ती पुटपुटली. वळ ना गं.